पाइपातली शिट्टी

"काका, ही शिट्टी कशाची वाजतेय?" मागच्या सीटवरून पुतण्याच्या बायकोने विचारलं, आणि पुढे बसलेल्या कानसेनला वाटलं, पोरगी थट्टा करतेय. लग्न होऊन तिला जेमतेम दोन महिने झाले होते. गाडीच्या आवाजाबद्दल काकांसमोर तोंड उघडायचं नसतं, हे तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

"कसली शिट्टी?"

"ही काय. वेग वाढवला की येते. अगदी बारीक."

कानसेनने श्वास रोखून ऐकलं. इंजिनाची घरघर होती, टायरचा आवाज होता, खिडकीतून वारा येत होता. शिट्टी नव्हती. त्याने गाडी चालवणाऱ्या पुतण्याकडे पाहिलं. पुतण्या रस्त्यावरची नजर हलवायला तयार नव्हता.

"तुला ऐकू येते?"

"येते ना काका," पुतण्या चाचरत म्हणाला. "पहिल्या दिवसापासून येते. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून मला वाटलं, ती वाजायचीच असेल."

"गाडी गॅरेजकडे घे," कानसेन म्हणाला.

आता हा कानसेन कोण, तर गॅरेजवाला, आणि त्याला हे नाव लोकांनी उगाच नाही दिलं. गेली तीस वर्षं तो लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ आपल्या कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, तिसऱ्या सिलेंडरचा टॅपेट ढिला आहे. उघडून बघावं तर ढिलाच. कुणी कॉम्प्युटर जोडून गाडी तपासायची गोष्ट काढली, की "मग त्या डब्यालाच दुरुस्त करायला सांगा" म्हणून पाठ फिरवायचा. गर्विष्ठ होता का? होता, चांगलाच होता. पण गर्व करावा असंच काम होतं, त्याला काय करणार?

पुतण्याची गाडी मात्र पंधरा दिवस त्याला दाद देत नव्हती. पुतण्या ऑफिसात बसून इमारतींचे नकाशे काढायचा आणि सुट्टीच्या दिवशी घराच्या अंगणात गाडीखाली लोळायचा. तिथेच त्याने स्वतःच्या हाताने जुन्या गाडीला टर्बो बसवला होता. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो. हवेचा दाब चढला, बूस्ट आला, की गाडी सुसाट सुटायला हवी. ही नेमकी तेव्हाच मान टाकायची. हळू चालवा, गरीब गाय. पाय दाबा, की ढेपाळली.

कानसेनने प्लग बदलले, कारण जादा दाबाखाली ठिणगी विझते. पेट्रोलचा फिल्टर बदलला, पंप बदलला, दाब आवरणारा व्हॉल्व्ह खोलून साफ केला. पुतण्याने लॅपटॉप जोडून इंजिनाच्या सेटिंगमध्ये काय उद्योग करून ठेवलेत म्हणून त्याला फैलावरही घेतलं. खरं तर अशी गाडी आली की हवेच्या पाइपांत दाब भरून गळती शोधायची असते, नवशिका माणूसही आधी तेच करेल. कानसेनने तेवढंच केलं नाही. "गळती असती तर मला ऐकू आली असती," एवढं बोलून त्याने तो विषय मिटवला होता.

गॅरेजमध्ये पोचल्यावर त्याने टर्बोचं तोंड झाकण लावून बंद केलं, कॉम्प्रेसरची नळी जोडली आणि पाइपांवर साबणाचं पाणी मारलं. हवा सोडताच खालच्या वळणावर पाइप आवळणाऱ्या क्लॅम्पपाशी फेस उसळला. पाइप बोटभर फाटला होता. दाब चढला की तिथूनच हवा बाहेर पळत होती, मग इंजिनात जाणार काय? पोरासोरांनी पाच मिनिटांत शोधावी अशी गळती.

पुतण्याच्या बायकोने दोन्ही कानांवर हात ठेवले होते. कानसेनने ते हात पाहिले आणि तो चरकला. खाली वाकून त्याने कान पाइपाच्या वीतभर अंतरावर नेला. हवा गालाला लागत होती, साबणाचे शिंतोडे कानात उडत होते, आवाज नव्हता. त्याने दुसरा कान लावून पाहिला. नव्हता. तो तिथल्याच एका जुन्या टायरवर बसला.

"हवा बंद कर," तो म्हणाला.

"केव्हाच बंद केली, काका," पुतण्या म्हणाला.

घर गॅरेजच्या मागेच होतं. काहीतरी बिनसलंय हे ओळखून बायको हात पुसत बाहेर आली. कानसेनने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पाहूनच त्याला उत्तर मिळालं, तरी त्याने विचारलं, "तुला माहीत होतं?"

"दोन वर्षं झाली असतील, बारीक आवाज तुम्हाला येतच नाहीत. तुमचा फोन वाजला की मी आणून हातात देते ना? तुम्हाला वाटतं, मला चौकशा हव्या असतात."

"मग सांगितलं का नाहीस?"

"दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, अख्खं गाव माझ्या कानावर विश्वास ठेवतं, तू मला शिकवू नकोस."

म्हणाला होता खरा. त्याला जेवणाचं टेबलसुद्धा आठवलं. दोन वर्षं. या दोन वर्षांत आपण किती गाड्या नुसत्या ऐकून ठीक म्हणून सोडल्या, याचा तो मनाशी विचार करायला लागला आणि मंगळवारपाशी येऊन एकदम थिजला.

मंगळवारी शाळेची मुलं नेणारा व्हॅनवाला आला होता. ब्रेक दाबला की बारीक किंचाळल्यासारखा आवाज येतो, ही तक्रार. ब्रेकचं पॅड झिजत आलं की त्यातली पत्र्याची पट्टी चाकाच्या डिस्कला घासून असाच आवाज करते. ती हा इशारा द्यायलाच ठेवलेली असते. कानसेनने एक फेरी मारली, चार वेळा ब्रेक दाबला आणि म्हणाला, "कुठाय आवाज? तुझ्या डोक्यात आहे. जा, खुशाल चालव." चाक खोलूनही पाहिलं नाही. आज शुक्रवार होता आणि शाळा सुटायची वेळ झाली होती.

त्याने फोन लावला.

"अरे, तो ब्रेकचा आवाज येतो का अजून?"

"येतो ना, काका. आता तर करकर पण होते," व्हॅनवाला मजेत म्हणाला. "पण तुम्ही म्हणालात ना काही नाही, म्हणून मी आपला रेडिओ मोठा करून ठेवतो."

"कुठे आहेस?"

"शाळेच्या दारात. पोरं बसतायत."

"उतरव त्यांना."

"अं?"

"सगळ्यांना खाली उतरव. गाडी जागची हलवायची नाही, मी येतोय."

"अहो पण तुम्हीच ऐकून सांगितलंत की ठीक आहे."

पुतण्या, त्याची बायको, स्वतःची बायको, तिघंही कानसेनकडे बघत होती.

"मी ऐकलंच नाही," तो म्हणाला. "मला ऐकू येत नाही, बाबा. तुला ऐकू आलं ते खरं होतं."

व्हॅनवाला काहीतरी बोलला, पण तिकडे मुलांचा गलका होता आणि त्यात त्याचे शब्द कानसेनला लागेनात. त्याने फोन दाबून धरला, दुसऱ्या कानाला लावला, आणि शेवटी बायकोच्या हातात दिला.

"पोरं उतरली का, विचार."

तिने विचारलं आणि ऐकत उभी राहिली. कानसेन तिच्या तोंडाकडे बघत होता.

"उतरली," ती म्हणाली. मग त्याच्या समोर येऊन, त्याला ऐकू जावं म्हणून, पुन्हा एकदा मोठ्याने म्हणाली, "सगळी उतरली."