ओळीतला एकच बिल्ला

बाई शर्टाच्या कारखान्यात कॉलर लावायची. एक दोन नाही, एकोणीस वर्षं. तिचं नावच कॉलरताई पडलं होतं, आणि तिच्या शिवणीला नाव ठेवायची सुपरवायझरबाईंचीही छाती नव्हती. पण हल्ली ताईचं चित्त शिवणीत कुठलं असायला? ते सगळं भिंतीवरच्या खिळ्याकडे लागलेलं.

त्या खिळ्यावर पत्र्याचा एक बिल्ला टांगलेला असे. चाळीस बायकांच्या ओळीला संडास एक, बिल्ला एक. जायचं तर तो गळ्यात घालायचा, आल्यावर पुन्हा टांगायचा. जागेवर नसला तर बसा गप्प, दाबून. हा नियम काढणाऱ्याला ताईचं मूत्राशय आठवडाभर उसनं द्यायला हवं होतं. मग आला असता ताळ्यावर.

ताईच्या दुखण्याला सहा वर्षं झाली होती. दर अर्ध्या तासाला कळ यायची, ओटीपोटावर तापलेली इस्त्री ठेवल्यासारखी. जाऊन यावं तर चार थेंब, आणि आग मात्र तासभर. रात्री पाच-सहा वेळा उठणं ठरलेलं. डॉक्टर किती झाले त्याला गणती नाही. प्रत्येकाचं पालुपद एकच, "रिपोर्ट स्वच्छ आहेत. टेन्शन घेऊ नका." एकाने तर नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, घरी भांडणबिंडण आहे का म्हणून. भांडण कसलं? नवऱ्याने पहिली दोन वर्षं इमानेइतबारे औषधं आणली. मग ती हात लावू देईना, तेव्हा एक दिवस गादी उचलली आणि बाहेरच्या खोलीत नेली. भाचीच्या लग्नाला ताई गेली नाही, कारण बस तीन तास मध्ये कुठे थांबत नव्हती. बहिणीने त्यानंतर बोलणंच टाकलं. तिला तरी काय सांगणार? हात मोडला असता तर दाखवता आला असता.

मान असा उरला होता तो या मशीनवर. ते हातचं जाऊ नये एवढीच तिची धडपड. त्यापायी ती सकाळपासून घोटभर पाणी प्यायची नाही. एका डॉक्टरणीने बजावलं होतं, पाणी तोडलंत तर आग वाढेल. वाढतच होती. पण डॉक्टरणीला बिल्ल्याचं काय माहीत?

ओळीतल्या बायका मात्र सोन्यासारख्या. त्यांनी आपसांत ठरवून टाकलं होतं, ताईला कळ आली की बिल्ला आधी तिला. सुपरवायझरबाईंच्या कानावर त्यांनी यातलं काही जाऊ दिलं नाही. ताईला लाज वाटायची, पण नको म्हणायची ताकद नव्हती. शेजारी कफ लावणारी पोरगी बसायची, सातवा महिना लागलेली. ताईला मावशी म्हणायची. तीही आपली पाळी सोडायची.

त्या दुपारी ताई आत गेली आणि तिला उठवेना. थेंब येईना, कळ थांबेना. भिंतीला डोकं टेकून ती बसून राहिली. वीस मिनिटांनी बाहेर आली तेव्हा ओळ थांबलेली होती. कफवाली मान खाली घालून बसली होती आणि तिच्या स्टुलाखालची फरशी ओली झाली होती.

बिल्ला ताईच्या गळ्यात होता. सहा वर्षं ज्याच्या धास्तीने ती पाण्याला शिवली नाही, ते पोरीच्या वाट्याला आलं, आणि तेही तिच्यामुळे. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अगं, दार तरी ठोठावायचंस," ती कशीबशी म्हणाली.

"आले होते मावशी दारापर्यंत," पोरगी मान वर न करता म्हणाली. "तुम्ही आत रडत होता. मग परत फिरले."

ताईने फडकं आणलं आणि गुडघे टेकून फरशी पुसली. कुणाला हात लावू दिला नाही. मग बिल्ला खिळ्याला टांगला, आपली कात्री पिशवीत टाकली आणि सुपरवायझरबाईंना सांगितलं, उद्यापासून कॉलरला दुसरी बघा.

"असं कसं ताई? झालंय काय?"

"दुखतं. सहा वर्षं झाली."

"मग आधी नाही का सांगायचं? रिपोर्ट घेऊन या, रजा लिहिते."

"रिपोर्ट स्वच्छ आहेत," ताई म्हणाली आणि चपला शोधू लागली.