जीपवाल्या आत्याचा तळहात

आत्या कुणाची जुनी गाडी बघायला गेली की आधी मालकाशी बोलायची नाही. थेट गाडीपाशी जायची आणि बॉनेटवर तळहात ठेवायची. बॉनेट नुसतं कोमट लागलं तरी हात उचलायची, सावली बघून खुशाल मांडी घालून बसायची. मालक म्हणायचा, चालू करून दाखवतो की. त्यावर आत्याचं उत्तर ठरलेलं, "दाव की, पन निवल्यावर. तापलेलं डिझेल कुनाचं बी चालू हुतं." गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी एकदा तापवून ठेवली की सकाळच्या गारठ्यात नखरे करणारं इंजिनही शहाण्यासारखं वागतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग चहा व्हायचा, कुणाच्या घरी कोण आजारी याची चौकशी व्हायची, आणि गाडी पार थंड होईपर्यंत बाई जागची हलायची नाही.

आंदर मावळात तिला सगळे जीपवाल्या आत्या म्हणत. माझी मात्र ती खरीच आत्या, वडिलांची थोरली बहीण. मामा, म्हणजे तिचे यजमान, कान्हे फाट्यापासून वरच्या वाड्यांपर्यंत जीप चालवायचे. ते अचानक गेले आणि जीप दारात उभी राहिली. भावकीनं ती विकायचं घाटलं, तेव्हा आत्यानं काष्टा घट्ट केला आणि किल्ली कमरेला खोचली. पुढं कितीतरी वर्षं भाताची पोती, बाजारच्या कोंबड्या, अडलेल्या बायका, परीक्षेची पोरं, सगळं तिच्याच जीपमधून खाली उतरलं. रस्त्यात जीप बंद पडली तर मदतीला यायला दुसरं वाहन नसायचं, म्हणून जीपच्या पोटात काय चालतं ते तिनं शिकून घेतलं. नम्रपणा तिच्यात औषधालाही नव्हता. "ह्या डोंगरात गाडीचं माज्यावानी कुनाला कळत न्हाई," असं ती तोंडावर सांगायची, आणि ऐकणारा मुकाट मान डोलवायचा, कारण ते खरंच होतं.

आमच्याकडं गाडी कायम उतारावर लावतात, तोंड खालच्या बाजूला करून. थंडीत डिझेल गाडी सेल्फवर उठली नाही तर ढकलून चालू करता यावी, म्हणून ही जुनी रीत. आत्याला विकाऊ गाडी उतारावर दिसली की तिच्या कपाळावर आठ्या चढत. एकदा आमच्याच वाडीतल्या एका सज्जन माणसानं गाडी विकायला काढली आणि हाताच्या सवयीनं उतारावरच लावली. आत्यानं घेणाऱ्या-विकणाऱ्या दोन्ही बाजूंच्या पाहुण्यांना कामाला लावलं आणि ती गाडी ढकलत वर, खळ्याच्या सपाटीवर आणवली. सगळे घामाघूम. किल्ली फिरवली, तर गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. आत्या पदर तोंडाला लावून हसत सुटली. "सवय हाय ही, आजार न्हाई," म्हणाली, आणि त्या माणसाला सगळ्यांदेखत शाबासकी दिली. तिची स्वतःची जीपही आयुष्यभर उतारावरच उभी असायची, हे बोलायची मात्र कुणाची टाप नव्हती.

तिच्याबरोबर एक रिकामं पोतं असायचं. ते गाडीखाली अंथरून ती सरपटत आत शिरायची. बाहेर फक्त जोडव्यांची पावलं दिसत आणि आतून आवाज येई: हितं वेल्डिंग केलंय, हितं तेल गळतंय, ह्यो पत्रा गंजलाय. बाहेर आली की पायातली चटई उचलून खालचा वास घ्यायची, कुबट लागला की गाडी पाण्यात बुडालेली. मीटरकडं बघायचीसुद्धा नाही. ब्रेकच्या पायपट्टीवरचं रबर बोटानं चाचपायची. मीटर म्हणतंय गाडी थोडी पळालीय आणि रबर मात्र झिजून गुळगुळीत झालंय, असं असलं की पोतं गुंडाळून उभी राहायची. एकदा लोणावळ्याच्या एका बंगल्यातली गाडी बघायला आम्ही गेलो. मालक सुट्टीपुरते येणारे, त्यामुळं गाडी नव्यासारखी झळकत होती. आत्यानं बॉनेट उघडलं, आत उंदरांनी वायरी कुरतडून छान बिऱ्हाड थाटलेलं. "पळून जितकी बिगाडत न्हाई तितकी उभी राहून बिगाडती," असं म्हणून तिनं बॉनेट हलक्या हातानं लावलं. पिल्लं होती आत.

पण खरं बघण्यासारखं असायचं ते गाडी चालू झाल्यावर. पहिला धूर ती त्याच्यामागं डोंगर येईल अशी उभी राहून बघायची. पांढरा निघून लगेच विरला तर ठीक. निळसर धूर रेंगाळला तर इंजिन तेल पितंय. मग तेल भरायच्या तोंडाचं झाकण काढून ती तिथंच उलटं ठेवायची. झाकण नुसतं थरथरलं तर बरं, उडून पडलं तर म्हणायची, दम लागलाय हिला. शेवटी डोळे मिटून ती पुढच्या मडगार्डला कान लावायची. त्या वेळी अंगणातली कुत्रीसुद्धा गप्प बसत असं मला वाटायचं. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे यायचं ते मी देवळातही फार थोड्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. मला तिची भीती वाटायची आणि अभिमानही. पुढं पुढं ती कान लावायची बंद झाली, नुसता तळहात टेकवून निकाल द्यायला लागली. आम्हाला वाटलं, विद्या आणखी वर गेली.

मग दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मूत्रपिंडं निकामी झाली. डायलिसिससाठी एक दिवसाआड पहाटे तळेगावला न्यायचं, एकही पाळी चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. एस.टी. त्या वेळी नाही, आणि दुसऱ्याची गाडी दर वेळी कोण देणार? मी तळेगावच्या कारखान्यात कामाला होते, गाडी चालवता येत होती. जुनी डिझेल गाडी घ्यायची आणि दादांना मीच न्यायचं ठरलं. ती गाडी हिवाळ्यातल्या पहाटेही पहिल्या झटक्यात उठायला हवी होती. नाही उठली तर काय, हे घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं.

आत्या आणि मी पहिल्या लोकलनं कान्ह्याहून बेगडेवाडीला उतरलो, तिथून रिक्षानं सोमाटण्याला. हायवेलगत जुन्या गाड्यांचं एक मोठं आवार होतं. कामगार येऊन गाड्या तापवायच्या आत आपण पोचायचं, हा आत्याचा बेत. आवाराचा मालक नुकताच कुलूप काढत होता. तिथं एक लाल गाडी माझ्या डोळ्यांत भरली. सीट नव्या, टायर नवे, पुढच्या सीटला दादांना मागं रेलून बसता येईल अशी जागा. मी मनातल्या मनात तिला दारात लावूनही टाकलं होतं. आत्यानं सगळं तपासलं. बॉनेट थंड, पोटाखाली कोरडं, धूर स्वच्छ. मी गाडी चालू ठेवून खाली उतरले. आत्यानं मडगार्डवर तळहात ठेवला, मग थोडा पुढं सरकवला, मग परत मागं. तिला इतका वेळ कधीच लागत नसे. मालक घड्याळ बघायला लागला.

तिनं हात काढला आणि मला जवळ ओढलं.

"पोरी, मला ऐकू येत न्हाई. लय दिस झालं. लोकांच्या गाड्या मी हातानं बगितल्या, एक बी चुकली न्हाई. पन ही माज्या भावाची हाय. नुसत्या हातावर न्हाई सोडायची मला."

आयुष्यभर कानाच्या जोरावर राज्य केलेली बाई ती. एका परक्या आवारात, परक्या माणसासमोर, तिनं हे मोठ्यानं सांगून टाकलं, कारण हळू बोलणं म्हणजे किती हळू हे तिला आता कळतच नव्हतं. कीव करून घ्यायला तिला सवड नव्हती. तिनं उजवा हात परत मडगार्डवर ठेवला, डावा माझ्यासमोर पसरला. म्हणाली, तू कान लाव आणि आवाजाच्या चालीवर माझ्या हातावर बोट वाजव. जिथं आवाज अडखळंल तिथं बोट थांबव.

मी कान लावला. बोट वाजवत राहिले. आवाज मला तरी एकसारखा वाटत होता. मग मधेच कुठंतरी तो ठेचकाळला, इतका थोडा की एरवी माझ्या लक्षातही आला नसता. माझं बोट थांबलं. त्याच क्षणी आत्यानं डोळे उघडले. तिच्या उजव्या हातालाही ते लागलं होतं. आम्ही पुन्हा केलं, पुन्हा तिथंच. मालक म्हणाला, उभी राहून राहून होतं असं, चालवली की जाईल. मी ते तिला खुणेनं सांगितलं. "जाईल बी," आत्या म्हणाली. "पन पहाटंचं न्हाई गेलं तर माजा भाऊ जाईल."

लाल गाडी तिथंच राहिली. कोपऱ्यातली एक राखाडी गाडी, दाराला पोचा आलेली, आम्ही तशीच तपासली. माझं बोट एकदाही थांबलं नाही. जुन्या हायवेच्या चढावर आत्यानं ती वरच्या गियरमध्ये घ्यायला लावली, क्लच घसरला नाही. तिसरा गियर तेवढा हट्टी होता. "असू दे," आत्या म्हणाली, "आपल्या घरात बी एक हाय." तो टोमणा दादांना होता की मला, हे तिनं सांगितलं नाही.

त्या गाडीनं एकही पहाट चुकवली नाही. दवानं ओली, गारठ्यानं आखडलेली असायची, पण किल्ली फिरवली की उठायची. आत्याची वाडी आमच्या रस्त्यावरच. ती दर वेळी कडेला शाल घेऊन उभी असायची. दिव्याच्या उजेडात मागचा धूर बघायची आणि ठीक म्हणून हात वर करायची. दादाही आतून हात वर करायचे. भाऊ-बहिणीचं एवढंच बोलणं व्हायचं. पुढं दादा गेले ते घरीच, आपल्या अंथरुणावर, तिचा हात हातात असताना. आणखी इतका काळ ते आम्हाला मिळाले, ते त्या दोन तळहातांमुळं, असं मी आजही मानते.

नंतर मला ती गाडी दारात बघवेना. पलीकडच्या वाडीतला एक दूधवाला घ्यायला आला. मी नुकतीच कामावरून आलेली, बॉनेट तापलेलं. त्यानं काहीच तपासलं नाही. आत्यानं त्याला बसवून घेतलं, गाडी निवेपर्यंत. मग ढकलून सपाटीवर आणायला लावली आणि हट्टी तिसरा गियर, पोचा आलेलं दार, थोडं पाझरणारं तेल, सगळं एकेक करून दाखवलं. तो म्हणाला, आत्या, तुमी विकताय का मोडता घालताय? आत्याला ते ऐकू गेलं नाही, किंवा तिनं जाऊ दिलं नाही.

तो गाडी घेऊन उताराला लागला. आत्या माझ्याशेजारी उभी होती. तिनं डावा हात माझ्यासमोर पसरला. मी त्यावर बोट वाजवायला लागले. गाडी ओढ्यापाशी गेली, वळणावर तिसऱ्या गियरला थोडी कुरकुरली, मग साखरझोपेतल्या माणसाच्या श्वासासारखी एका चालीत दूर जात राहिली. आत्याचे डोळे मिटलेले होते. आवाज बारीक होत गेला, तसं मीही बोट हलकं करत गेले. शेवटी दरीत नुसता वारा उरला आणि माझं बोट थांबलं.

आत्यानं मूठ मिटली, आणि घरात गेली.