डॉक्टर जावयाचा सौदा

त्यांना नमस्कार केला, तर ते तो लगेच परत करत नसत. आधी समोरच्याच्या जोडलेल्या हातांकडे बघत, मग चेहऱ्याकडे, आणि या नमस्कारामागे काही मागणी नाही अशी खात्री पटली की उजवा हात जेमतेम छातीपर्यंत उचलत. उमरग्याच्या शाळेत मी मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा माझ्या पहिल्या नमस्काराला उत्तर मिळायला आठवडा लागला.

त्यांची धान्याची आडत होती आणि मी त्यांच्याच गल्लीत खोली घेतली होती. सगळे त्यांना आप्पा म्हणत. शेतकऱ्यानं ज्वारीचं पोतं सोडलं की आप्पा मूठभर दाणे तळहातावर घेत, पण बघत शेतकऱ्याच्या तोंडाकडे. "दाना खोटं बोलत न्हाय, मास्तर. धनी बोलतो." निजामाचं राज्य गेलं, त्याचा हाली रुपया मागे पडला, सरकारी कलदार आला, मग नवे पैसे आले, आप्पांनी तिन्ही नाणी सारख्याच संशयानं दगडावर वाजवून घेतली. असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. आमच्याकडे हा होता.

त्यांना एकच मुलगी. आई लहानपणीच गेलेली. घरात तिला अक्का म्हणत. मॅट्रिकला ती पहिल्या वर्गात पास झाली आणि रिवाजाप्रमाणे घरी बसली. बसली म्हणजे, माझी विज्ञानाची पुस्तकं एकेक करून नेत राहिली.

अशात तुळजापूरच्या एका लॉजवाल्याकडून तिला स्थळ आलं. मुलगा डॉक्टर होणार होता. सौदा सरळ होता: शिक्षणाचा सगळा खर्च मुलीच्या बापानं करायचा, पोरगा डॉक्टर झाला की लग्न. आपल्या जिल्ह्यातले कितीतरी मोठे लोक असे सासऱ्याच्या पैशावर शिकले. पुढे सत्काराच्या भाषणात ते 'स्वकष्टानं' म्हणतात, तो भाग वेगळा.

आप्पांनी मला दुकानात बोलावलं. "मास्तर, डाक्टरला सुटतं किती?"

"मान मोठा असतो, आप्पा."

"मान राहू द्या. आपल्या गावचा डाक्टर बगा. सुटाबुटात हिंडतो, पन ज्वारी दोन नंबरची नेतो, ती बी उधार. म्हंजे एक तर कमाई न्हाय, न्हाय तर बायको लई शानी हाय."

तरी मुलगा बघायचं ठरलं. साक्षीला मी. लॉजवाले गल्ल्यावर बसूनच आमच्याशी राष्ट्रसेवेबद्दल बोलले. मधेच एका यात्रेकरूला खोलीचं भाडं वाढवून सांगितलं आणि पुन्हा राष्ट्रसेवेवर आले. आप्पा ऐकत होते. मग त्यांनी मुलाला विचारलं, "दवाखाना कुठं टाकनार?"

"पुण्याला," मुलगा म्हणाला. "इकडं राहून काय करायचं?"

"गंमत करतोय तो," बाप घाईनं म्हणाला.

"पोरगी बगायला कवा येताव?"

"आत्ताच कशाला? आधी शिक्षण तर होऊ द्या."

आप्पांनी चहा संपवला आणि उठले. परतीच्या बसमध्ये नळदुर्ग मागे पडल्यावर ते म्हणाले, "मास्तर, मॅट्रिकला अक्काचा कोनता वर्ग?"

"पहिला."

"आन त्याचा?"

"दुसरा. इंटरलाही तो दोनदा बसलाय."

"मग म्या पैसा दुसऱ्या वर्गावर का लावू?"

लगेच त्यांनी हिशेब मांडला. "त्यो डाक्टर होऊन पुन्याला गेला, तर म्या कुठं हुडकू? पैसा माझा, कमाई त्याची, आन रडायला माझी पोरगी. अक्का शिकली तर माल घरचा घरात ऱ्हातो."

आमच्या तालुक्यात स्त्रीशिक्षणावर पुष्कळ व्याख्यानं झाली होती. त्यातली दोन मीही दिली होती. त्या व्याख्यानांमुळे एकही मुलगी कॉलेजात गेलेली मला माहीत नाही. अक्का गेली ती तिच्या बापाचा होणाऱ्या जावयावर विश्वास नव्हता म्हणून.

त्या संध्याकाळी त्यांनी तिला समोर बसवलं. लग्नाला ठेवलेला पैसा फीला जाणार होता. तो पुरणार नव्हता म्हणून भावकीकडून कर्ज काढावं लागणार होतं. ती मधेच शिक्षण सोडून आली असती, तर घरात ना डॉक्टर, ना जावई, वर कर्ज.

"म्हंजे माझा हुंडा म्याच खायचा," अक्का म्हणाली.

"खा. पन पचव."

"आप्पा, माझ्यावर तरी तुमचा एतबार हाय का?"

आप्पांनी नीट विचार केला. "न्हाय. पन तुझी लबाडी मला वळखू येती. त्याची आली नसती."

अक्का इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. मग तशीच रडली. आप्पा उठून ओसरीवर गेले.

ती सोलापूरला मावशीकडे राहून इंटर झाली आणि औरंगाबादला मेडिकलला लागली. गावानं आप्पांचा सत्कार केला. वक्त्यांनी त्यांना द्रष्टे म्हटलं. द्रष्टे माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "ह्या हाराचं बिल कुनाच्या नावावर हाय, बगून या."

भावकी मात्र टोमणे मारत होती. "डाक्टरीण झाल्यावर तिला करनार कोन?" आप्पा म्हणत, "ज्याला गरज आसंल त्यो." कर्जाचा हप्ता भरायला त्यांनी दुकानाचा अर्धा भाग चुलतभावाला दिला. न सांगता ते औरंगाबादला जात आणि वसतिगृहाच्या फाटकाबाहेर उभे राहत. अक्काला ते लांबूनच दिसत.

"तपासायला आलाव?"

"न्हाय. धपाटे आनलेत."

तिसऱ्या वर्षी ती एका विषयात नापास झाली. आप्पांनी मला फक्त एवढंच सांगितलं, "मास्तर, सहा महिन्याचं याज वाढलं." नंतर कळलं, त्याच आठवड्यात ते फाटकाशी जाऊन आले होते आणि निकालाविषयी तिला एक शब्द विचारला नव्हता.

ती डॉक्टर होऊन आली आणि हमरस्त्याला लागून तिनं दवाखाना टाकला. पुरुष डॉक्टरपुढे आजवर तोंड न उघडलेल्या बाया कुठून कुठून येऊ लागल्या. त्यांच्याकडे पैसा कसला? कुणी अंडी आणी, कुणी नुसताच हात जोडी.

आप्पा सुरुवातीला दाराशीच खुर्ची टाकून बसत आणि आत जाणाऱ्या बाईला काय होतंय ते विचारत. बाया परत जाऊ लागल्या. अक्का बाहेर आली. "आप्पा, तुमी हितं बसलाव तर कोनबी येनार न्हाय. घरी जावा."

ते घरी गेले नाहीत. खुर्ची उचलून त्यांनी रस्त्याच्या पलीकडे नेली आणि दवाखान्याकडे पाठ करून ठेवली.

माझी बदली झाली, तेव्हा निरोप घ्यायला मी तिथंच गेलो. भावकीचं कर्ज अजून निम्मं बाकी होतं.

"आप्पा, सौदा फायद्यात गेला का?"

"न्हाय. घाट्यातच हाय." मग मान न वळवता त्यांनी विचारलं, "आत किती बाया हायत?"

मी रस्त्यापलीकडे बघितलं. ओसरी भरून पायऱ्यांवर बाया बसल्या होत्या. "पुष्कळ आहेत," मी म्हणालो.

"व्हय? बरं."

माझी बस निघाली. खिडकीतून मला ते दिसत राहिले: पाठीमागून ट्रक चाललेत, धूळ उडतेय, आणि बायांना संकोच नको म्हणून दवाखान्याकडे पाठ करून बसलेला तो म्हातारा.