सर्वांत छोट्या देशाची बाई

समुद्रकाठच्या शेजारी देशांच्या संघटनेची बैठक यंदा चेन्नईत, एग्मोरच्या एका हॉटेलात झाली. यजमान आपण. म्हणजे हॉल आपला, जेवण आपलं आणि संयुक्त निवेदनही आपलंच. ते मी आदल्या दिवशीच टाइप करून ठेवलं होतं, 'सर्व देशांनी एकमताने ठरवले' या वाक्यासकट. बळी तो कान पिळी, आणि पिळायच्या कानांची यादी आमच्या ऑफिसात मी करायचे.

खरं सांगायचं तर माझं लक्ष दुसरीकडेच होतं. संघटनेच्या परदेशातल्या सचिवालयात आमच्यापैकी एकाला पाठवायचं होतं. अकरा वर्षं निवेदनं लिहून माझी बोटं झिजली होती. ती जागा मला हवी होती.

बैठकीत सर्वांत छोट्या देशाच्या बाई, माझ्याच वयाच्या, म्हणाल्या, "सहावा परिच्छेद आम्हाला मान्य नाही." समुद्रातल्या संयुक्त गस्तीचं केंद्र आपल्याकडे असेल, असा तो परिच्छेद होता. आमचे साहेब हसले. "मॅडम, बाकी सगळ्यांना मान्य आहे."

"असेल. आम्हाला नाही."

एकाचीही हरकत असली की तिथे निवेदन निघत नाही. आमचा एवढा मोठा देश दोन तास फिल्टर कॉफी पीत ताटकळला. बाई निवांत बिस्कीट खात होत्या. शेवटी परिच्छेद काढून मी सगळ्या प्रती पुन्हा छापल्या.

देशाचं नाक कापलं म्हणून मला वाईट वाटायला हवं होतं. पण वाटला तो हेवा. एवढासा देश, आणि त्या बाईचा काय तो रुबाब! सर्वांत फिकट प्रत मी मुद्दाम त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी तीही शेवटपर्यंत नीट वाचली आणि माझे आभार मानले.

सोमवारी ऑफिसच्या मीटिंगमध्ये साहेबांनी सचिवालयासाठी नाव जाहीर केलं. माझ्याच हाताखाली निवेदन लिहायला शिकलेल्या, त्यांच्या लाडक्या सहकाऱ्याचं. मग टेबलाभोवती नजर फिरवत त्यांनी विचारलं, "सगळ्यांना मान्य ना?"

त्या बाईंचं वाक्य मला तोंडपाठ होतं. मी मान खाली घालून समोरच्या इतिवृत्ताच्या वहीकडे पाहिलं. 'सर्वानुमते' हा शब्द मी मीटिंग सुरू व्हायच्या आधीच लिहून ठेवला होता.