बदकांना पालक हवा

माझा मामा चष्मे करतो. त्याच्या दुकानात काचा घासायचं यंत्र आहे, फ्रेम वाकवायचा हीटर आहे, हरवण्यासाठीच जन्माला आलेले बारीक स्क्रू आहेत आणि या सगळ्यांच्या मधोमध एक संगणक आहे. गिऱ्हाईक नंबर काढायला आत येतं आणि संगणकाचं कौतुक ऐकून बाहेर पडतं. कारण त्यावर ‘आमची प्रणाली’ आहे. लोक ‘आमची मुलगी’ ज्या सुरात म्हणतात, त्याच सुरात मामा हे म्हणतो.

प्रणाली म्हणजे संगणकाला चालवणारी मूळ व्यवस्था. ही कुठल्या कंपनीची नाही आणि दुसऱ्या कुणाच्या जोत्यावर उभी केलेलीही नाही. देशोदेशीच्या हौशी मंडळींनी, एकमेकांचं तोंडही न पाहता, पहिल्या विटेपासून ती रचली आहे. आत जे असेल ते कुणालाही उघडून बघता, बदलता आणि शेजाऱ्याला देता आलं पाहिजे, हा तिथला कायदा. “म्हणजे फुकट!” असं गिऱ्हाईक म्हणालं की मामा चिमटा खाली ठेवतो. “फुकट नाही हो, मुक्त.” मग त्या गिऱ्हाइकाची बस चुकते.

उघडता न येणाऱ्या वस्तूचं त्याला वावडंच आहे. घरी मिक्सर आला की त्यात आधी स्क्रूड्रायव्हर फिरतो, मग पातं. मामी म्हणते, “लग्नानंतर माझ्यात कुठेच स्क्रू सापडेना, तेव्हा हे दोन दिवस हिरमुसले होते.”

मामी भरतकाम करते. लॅपटॉपवर चित्र काढायचं, पेन ड्राइव्हवर घ्यायचं, यंत्राला लावायचं, की कापडावर टाके पडतात. बदकं, खारी, होड्या असं तिनं वर्षानुवर्षं जमवलेलं गणगोत त्या लॅपटॉपमध्ये होतं. प्रोग्रॅम मात्र एका कंपनीचा, कुलूपबंद. मामाला तो दातात अडकलेल्या काडीसारखा सलायचा.

मामीचा वाढदिवस आला. दुसरा नवरा पर्स घेऊन आला असता. मामानं ती भाजी आणायला गेल्याचं पाहून तिचा लॅपटॉप साफ पुसला, त्यावर ‘आमची प्रणाली’ बसवली आणि वर लाल रिबन बांधली.

“अगं, बघ तरी! आता तू स्वतंत्र झालीस!”

“माझी बदकं कुठायत?”

“सगळ्या फाइली आधी काढून ठेवल्यात. एकही गेली नाही.”

“मग उघडा.”

मामानं उघडायला घेतलं. एकही उघडेना. त्या फाइली त्या कंपनीच्या प्रोग्रॅमशिवाय कुणाशी बोलतच नव्हत्या. कंपनीला फोन केला, तर तो जुना प्रोग्रॅम त्यांनी केव्हाच बंद केला होता. आणि मामीकडे बालवाडीच्या एप्रनांचं काम आलेलं. प्रत्येक एप्रनवर बदक, बदकाखाली मुलाचं नाव. शाळा पुढच्या सोमवारी उघडणार.

मामी ओरडली नाही, हे फार वाईट लक्षण. ती एवढंच म्हणाली, “अहो, सोमवारी त्या पोरांसमोर कोरे एप्रन घेऊन तुम्ही जायचं. मी नाही जाणार.” रिबन तिनं सोडून व्यवस्थित गुंडाळून ठेवली. ती गुंडाळी बघून मामाची भूक मेली.

असल्या फाइली वाचणारा एक मुक्त प्रोग्रॅम जगात होता. पण मामाच्या प्रणालीचे सगळे प्रोग्रॅम ज्या कोठारातून घ्यायचे, त्यात तो नव्हता. तिथला रिवाज असा, की प्रत्येक प्रोग्रॅमला एक पालक लागतो. तो त्याची दुखणीखुपणी बघतो. पालक नसेल तर प्रवेश नाही. मामा आजवर संगणकाच्या पडद्यावरच्या एका छोट्याशा घड्याळाचा पालक होता, आणि घड्याळ मुळातच गुणी निघाल्यामुळे त्याला पालकत्वाची खरी कल्पना नव्हती. आता त्यानं बदकांच्या प्रोग्रॅमचा पालक व्हायला अर्ज टाकला.

दुकानातली कामं तुंबली. एक हेडमास्तरीणबाई तर चष्म्यासाठी रोज चकरा मारू लागल्या. तो प्रोग्रॅम आपल्या प्रणालीवर चालावा म्हणून मामा संगणकाला कधी चुचकारत होता, कधी दटावत होता. अखेर गुरुवारी फाइल उघडली. त्यानं पेन ड्राइव्ह घेऊन घराकडे धूम ठोकली आणि यंत्र लावलं.

“आलं! अगं, बदक आलं! टाका न् टाका बरोबर!”

मामीनं पाहिलं. “जांभळं आहे.”

“रंगांचं नंतर बघू गं.”

“चोच हिरवी आहे. आणि चोचीवर डोकं शिवलंय. गिळलंय त्यानं स्वतःला.” ती खुर्ची ओढून शेजारी बसली. “सरका. आधी अंग, मग डोकं, चोच शेवटी. रंग मी सांगते, तुम्ही लिहा.”

दोन दिवस असा संसार चालला. मामी सांगायची, मामा लिहायचा, परदेशातली मंडळी दुरुस्त्या पाठवायची. “त्या दाढीवाल्याला सांगा, कापड ताणलं की टाका आकसतो.” “दाढी आहे हे तुला काय माहीत?” “लिहिण्यावरून कळतं.” शनिवारी पहिलं पिवळं बदक उमटलं, खाली मुलीचं नाव. मामीनं एप्रन उलटा करून मागचे धागे तपासले, आणि मग पहिल्यांदा मामाला विचारलं, “जेवलात का?”

सोमवारी एप्रन घेऊन दोघंही गेली.

राहिला प्रश्न पालकाचा. कोठारातल्या जुन्या जाणत्या बाईंनी मामाला विचारलं, की या प्रोग्रॅमची पारख रोज कोण करतं? मामा खोटं बोलत नाही. “बायको.” उत्तर आलं, “मग पालक म्हणून त्यांचं नाव घाला.”

मामाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. घड्याळाचा एवढा जुना पालक, आणि बदकं हातची गेली! तरी त्यानं स्वतःच्या हातानं मामीचं नाव टाइप केलं, आणि ते ठीक दिसतंय का म्हणून तीनदा चष्मा पुसला.

परवा गेलो तेव्हा कुठल्याशा दूरदेशीच्या माणसाची तक्रार आली होती, की त्याच्या होडीचं शीड सुरकुततंय. मामा घाईघाईनं उत्तर लिहायला बसला.

“थांबा,” मामी स्वयंपाकघरातूनच म्हणाली. “आधी त्याला विचारा, कापड कुठलं घेतलंय. आणि जरा गोड शब्दांत लिहा हो, माझ्या नावानं जातंय ते.”