चालवून दाखव

माझा थोरला भाऊ शिलाई मशिनं दुरुस्त करायचा. काम चोख, ते नाकारत नाही. दुरुस्त झालेल्या मशीनवर गिऱ्हाइकासमोर चिंधी घालून वीतभर शिवून दाखवल्याशिवाय ते दुकानाबाहेर जाऊ द्यायचा नाही. "पुसून चकचकीत केलं म्हणजे शिवतंच असं नाही," म्हणायचा. चकचकीत कशाला म्हणतात ते मला विचारा.

चर्चमध्ये दादा पंच होता, कारभार बघणाऱ्यांतला. पहिला बाक त्याचा, आणि प्रार्थनेला उभा राहिला की लवकर बसायचं नाव नाही. आई शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा मी त्याला तीनदा फोन केला. हा चर्चच्या मेळाव्यात खुर्च्या लावत होता. उगवला दुसऱ्या दिवशी, फुलं घेऊन. तेही मी गिळलं असतं. पण रविवारी माईकसमोर उभं राहून त्याने साक्ष दिली, आईचा हात हातात धरून शेवटची प्रार्थना कशी केली त्याची. बायका मुसमुसायला लागल्या. आईचा हात माझ्या हातात होता. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

चार वर्षांनी एका रविवारी तो माझ्या दारात उभा. मी काजं करत होते, मान वर केली नाही.

"चुकलो गं," तो म्हणाला. "आज चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर न घेताच उठलो. बहिणीशी वैर ठेवून प्रभूच्या मेजाशी बसायचं नाही, ही त्याची आज्ञा आहे."

"चार वर्षं बरी घशाखाली उतरली ती भाकर. आणि खोटं माईकवर बोललास, माफी माझ्या खोलीत मागतोस? तिथे बोल."

"पंचपद जाईल."

"जाऊ दे. लोकांची मशिनं चालवून दाखवतोस ना? आता स्वतःचं दाखव."

तोंड पाडून गेला. मला वाटलं, कसला बोलतोय.

पुढच्या रविवारी तो माईकसमोर गेला. "आई गेली तेव्हा मी तिथे नव्हतो. धाकटी होती. मी खोटी साक्ष दिली." एवढंच बोलला. कुणी आमेन म्हटलं नाही. आठवड्यात त्याचं पंचपद काढलं, आणि बायका मलाच म्हणाल्या, भावाला असं उघडं पाडतात का? गेल्या उडत.

त्यानंतरच्या रविवारी तो मागच्या बाकावर, माझ्या शेजारी येऊन बसला. विचारलंसुद्धा नाही. भाकरीचं ताट आलं. त्याने भाकर न उचलता ते धरून ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिला. बोटांना मशीनच्या तेलाचा वास येत होता. बाकावरचे बाकीचे लोक ताटकळले.

माझा राग गेला नव्हता. आजही आठवलं की पेटते. पण त्याने चालवून दाखवलं होतं, आणि तेही माझ्यासमोर.

"घे," मी म्हटलं. "आणि ह्याची साक्ष देत फिरू नकोस."