आत्याच्या फ्लॅटवरचे पाहुणे

दोन-चार दिवसांसाठी फ्लॅट भाड्यानं द्यायचा धंदा सुरू केला की पलंगाखाली लोकांचे मोजे, चार्जर आणि कंगवे जमा होतात. तसेच किस्सेही जमा होतात. मोजे आम्ही टाकून देतो. किस्से टाकवत नाहीत, कारण त्यातल्या प्रत्येकानं माझं बीपी वाढवलेलं आहे.

'आम्ही' म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ पराग. पराग पुण्याहून इंटिरिअरचा कोर्स करून आलेला. फ्लॅट मात्र आमच्या आत्याचा, भंडाऱ्यात, तिसऱ्या मजल्यावर. आत्या राहते कोंढ्याला. म्हातारपणी शहरात राहू म्हणून तिनं तो घेतला, पण धान आणि म्हशी सोडून तिचा पाय निघेना. मी म्हटलं, आत्या, आम्ही सजवतो आणि भाड्यानं देतो.

"दिवाळीपर्यंत करून पाहा," आत्या म्हणाली. "मी येऊन पाहीन. मले पटलं तं ठेवा, नाई तं चावी परत."

एवढ्या भरवशावर मी शाळेतली नोकरी सोडली! आता हसू येतं. तेव्हा दिवाळीला किती दिवस उरले ते मी रोज कॅलेंडरवर मोजायचे.

*

पहिला धक्का देवाजी मिस्त्रींनी दिला. हॉलमधली एक भिंत परागनं मुद्दाम नुसत्या सिमेंटची ठेवायला सांगितली होती. रंग नाही, पुट्टी नाही. मोठ्या शहरात म्हणे हीच फॅशन आहे. मिस्त्रींनी मान डोलावली, भिंत केली, हिशेब घेऊन गेले.

रविवारी आम्ही फोटो काढायला गेलो तर भिंत गुलाबी. तीही साधीसुधी नाही, लग्नाच्या मांडवासारखी गुलाबी. पराग मटकन खाली बसला. मी मिस्त्रींना फोन लावला.

"ताई, तुमचं बजेट संपलं असंन म्हनून भिंत तशीच ठेवली, मी समजलो," मिस्त्री म्हणाले. "पन उद्या लोक पाहतीन अन म्हनतीन, देवाजीनं काम अर्धं टाकलं. माह्या घरचा रंग होता उरलेला. मारून देला. पैसे देऊ नका जी."

परागनं ती भिंत पुन्हा घासून सिमेंटवर आणली, तीही मिस्त्री आमच्या खालच्या नाक्यावर उभे नसतात अशी वेळ साधून.

*

बेडरूम आणि बाथरूम यांच्यामध्ये परागनं काच लावली. आरपार दिसणारी. मी म्हटलं, अरे, हे भंडारा आहे. तो म्हणाला, ताई, तू मागासलेली आहेस.

पहिलंच बुकिंग बालाघाटच्या एका कुटुंबाचं होतं. सासू, सासरे, मुलगा, सून. ते गेल्यावर आम्ही दार उघडलं तर काच गायब! जवळ जाऊन पाहिलं, तर खालपासून वरपर्यंत वर्तमानपत्र चिकटवलेलं. तेही भाताच्या पेजेनं. वाळून ते असं घट्ट बसलं होतं की खरडता खरडता आमच्या बोटांची सालं निघाली.

टेबलावर सासऱ्यांनी चिठ्ठी ठेवली होती. 'काचेवाला पडदा लावायचा विसरला होता. तात्पुरती सोय केली आहे.'

*

ही तर पेज होती. पुढचं ऐका. पलंगामागच्या पांढऱ्या भिंतीवर परागनं बांबूचं नवंकोरं सूप टांगलं होतं, शोभेला. आंधळगावच्या एका लग्नातल्या बायका दोन दिवस राहून गेल्या. मी चादरी बदलायला गेले आणि वास आला. घरभर शोधलं. उंदीर मेला असेल म्हणून पलंग सरकवला. मग वर पाहिलं.

सूप शेणानं सारवून, वाळवून, पुन्हा होतं तिथं टांगलेलं होतं.

मी त्यांतल्या एकीला फोन केला. आवाज कसाबसा सांभाळला.

"हौ, आम्हीच सारवलं," ती खुशीत म्हणाली. "नवं सूप होतं, सारी भोकं उघडी. तांदूळ पाखडले तं कनी खाली पडे. तुमाले येळ नसंन भेटला, म्हनून गच्चीवर नेऊन सारवून देलं बाई."

मी तिचे आभार मानले.

*

पुस्तकं ठेवायला म्हणून परागनं भिंतीत एक सुंदर कोनाडा केला होता, आत पिवळा दिवा. बुकिंगच्या साइटवर रेटिंग देताना कुणीतरी लिहिलं, 'घर चांगलं, पण देव नाही.' त्यानंतर कोण ठेवून गेलं माहीत नाही, पण कोनाड्यात गणपती आला. मग बालाजी. मग पितळेचा नंदी. पुस्तकं आपोआप फ्रिजवर गेली. काढायची हिंमत ना परागची, ना माझी. आता येणारा जाणारा तिथं उदबत्ती लावतो आणि छताला काजळी धरते.

*

दाराला आम्ही नंबरचं कुलूप बसवलंय. पाहुण्याच्या मोबाइलवर नंबर जातो, त्यानं दाबायचा, दार उघडायचं, आत जायचं. आमची गरजच नाही.

एकदा आंबागडकडचे एक आजोबा मुलीची सोयरीक जुळवायला घरच्यांसकट आले होते. मी सहज चक्कर मारली तर सगळं कुटुंब जिन्यात बसलेलं. पेट्या, पिशव्या, एक झोपलेलं बाळ. कुलूप बिघडलं की काय?

"दार उघडलं नाही का, आजोबा?"

"उघडलं जी. कवाचंच उघडलं."

"मग आत का नाही गेलात?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. "जावं कसं? 'या' म्हननारं कोनी नाई आत."

मी आत गेले, वळले आणि म्हटलं, "या." मग ते आले.

*

आणि दिवाळीच्या आठवडाभर आधी, न सांगता, आत्या आली.

मी आणि पराग नागपूरला पडदे घ्यायला गेलेलो. फोन आला, "वैशे, तुया दाराले कुलूपच नाई." मी नंबर सांगितला. सांगताना आठवलं की दुपारी पुण्याचं एक जोडपं येणार आहे, जंगल पाहायला.

"आत्या, ते यायच्या आधी तू शेजारच्या काकूंकडे जाऊन बस. ते दार स्वतः उघडतात."

"घरात मानूस असताना पाव्हना सोताच दार उघडीन?" म्हणून तिनं फोन ठेवला.

आम्ही पळत सुटलो. पोहोचलो तेव्हा संध्याकाळ झालेली. तो पुण्याचा इंजिनिअर मांडी घालून लसूण सोलत होता. त्याच्या बायकोच्या केसांना आत्या तेल लावत होती. बाथरूमच्या काचेवर आत्याचं लुगडं टांगलेलं. आणि आत्या विचारत होती, "मंग लेकरू काहून नाई अजून?"

रेटिंग गेलं, फ्लॅट गेला, नोकरी तर आधीच सोडलेली. पराग तर माझ्या मागेच लपला.

सकाळी ती दोघं निघाली. आत्यानं पोरीची तांदळानं ओटी भरली. दोघं पाया पडली. मग आत्यानं त्याला विचारलं, "भाडं देलं का?"

"हो आत्या, आधीच."

आत्या माझ्याकडे वळली. "वापस कर."

"आत्या, अगं..."

"माह्या हातचं जेवले ते. जेवू घातलं त्याच्याकडून भाडं घेत असतेत का कोनी?"

मी तिथंच, सगळ्यांसमोर, मोबाइलवरून पैसे परत केले. ती दोघं वळून वळून हात हलवत गेली.

मग आत्या घरभर फिरली. सिमेंटच्या भिंतीसमोर थांबून चुकचुकली. कोनाड्याला हात जोडले. सूप काढून उलटसुलट पाहिलं. मी तिच्या मागे मागे फिरत होते.

"सूप बरं सारवलं," ती म्हणाली. "ठेवा फ्लॅट. मले पटलं."

मला रडूच फुटलं. परागनं तर आत्याला मिठीच मारली.

त्याला बाजूला सारून आत्यानं तिची मोठी पिशवी उघडली. आतून पोळपाट, लाटणं, पितळेचा डबा आणि चार लुगडी निघाली. ती ओट्यावर एकेक वस्तू मांडू लागली.

"म्हशी पुतन्याकडं देऊन आली मी," ती म्हणाली. "सांग आता, उद्या कोन येऊन राहिले? किती जनाचा भात टाकू?"